साडेदहापर्यंतचं मौन

माझा आवाज जन्मापासूनच लहान. माहेरी मुरबाडला तो पुरायचा. लग्न होऊन भिवंडीत आले आणि तो कुठे गेला ते मलाच कळेना. आमच्या घराच्या पाठीला लागून बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे. पहाटे जी खटखट सुरू होते ती शुक्रवारची सुट्टी सोडली तर थांबत नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "सूनबाई, काही बोललीस का गं?" मी बोललेली असायचेच. मग तेच पुन्हा मोठ्याने सांगण्यापेक्षा उठून काम करून टाकणं सोपं, असं करत करत चाळीस वर्षं निघून गेली.

देवाला मात्र ऐकू येतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून त्याच्याशी बोलणं आणि नेमधर्म कधी चुकवले नाहीत. दर चातुर्मासात एक नेम धरते. एका वर्षी रोज तेहेतीस गोपद्मं काढली. एका वर्षी लाख वाती वळल्या. एका वर्षी साखर सोडली, तेव्हा माझ्यापेक्षा आमच्या ह्यांचेच हाल झाले, कारण मी चहात घालायलाच विसरायचे.

या वर्षी आषाढी एकादशीला देवापुढे पाणी सोडलं: उठल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. आमच्याकडे नैवेद्य साडेदहाला होतो.

"म्हणजे नवीन काय होणार?" हे म्हणाले. "घरात कोणाला फरक तरी कळेल का?"

"तुम्हाला कळेल. साडेदहापर्यंत चष्मा कुठे ठेवलाय ते कोणी सांगणार नाही."

ह्यांचा चेहरा जरा उतरला. हे, म्हणजे प्रभाकर, कोर्टात शिरस्तेदार होते. चौतीस वर्षं साक्षी ऐकल्या, त्यामुळे घरातही प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी होते. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी मित्रांबरोबर वऱ्हाळदेवीच्या तलावावर फिरायला जातात आणि दहाला परततात. म्हणजे माझं मौन बहुतेक रिकाम्या घरातच चालायचं.

नेम धरून चार-पाच दिवस झाले आणि मनिषा दारात आली. गणेशपुरीच्या पलीकडच्या पाड्यावरची. पहिल्या एसटीने यायची आणि नऊच्या एसटीने परत जायची. डोक्यावर पाटी, पाटीत बेल, दूर्वा, आघाडा, तेरड्याची फुलं आणि खाली ओल्या फडक्यात टाकळ्याची भाजी.

"बाय, बेल घेनार?"

मी मान हलवली.

"किती देवू?"

मी दोन बोटं दाखवली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "बोलता येत न्हाय?"

माझा जप अर्ध्यावर होता. मी ओठांवर बोट ठेवलं आणि मान नकारार्थी हलवली. मला म्हणायचं होतं की आत्ता बोलायचं नाही. तिने आपल्या मनाने जो अर्थ लावायचा तो लावला. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. बेलाची आणखी एक मूठ माझ्या ताम्हनात टाकून म्हणाली, "जावू दे बाय. देवानं वाचा न्हाय दिली, पन घर झ्याक दिलंय."

मला आतून हसू आलं. म्हटलं, उद्या कसंही करून समजावू. पण उद्याही ती पावणेआठलाच आली आणि परवाही. चिठ्ठी लिहावी तर तिला वाचता येत नाही. हे घरात नाहीत. आणि तिला तर माझ्या न बोलण्याचं जराही अवघड वाटत नव्हतं. पाटी उतरवून ती पायरीवर बसायची, पाय मोकळे करायची आणि तोंडाने बोलता बोलता हातांनीही बोलायची.

ते हातांचं बोलणं तिच्या नवऱ्याचं. किशन आठ वर्षं भिवंडीत लूमवर होता. आता दापोड्याला गोडाऊनमध्ये माल चढवतो-उतरवतो. लूमच्या खटखटीत माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, म्हणून तिथले कामगार खुणांनी बोलतात. दोन तर्जन्या जुळवून झटकन दूर केल्या की सूत तुटलं. चिमटीवर चिमटी चोळली की गाठ मारून सांधलं. मूठ आवळली की लूम बंद. मूठ उघडून बोटं हलवली की लूम चालू. अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीला पीळ दिला की शेठ आला, कामाला लागा. जे लूमवर नव्हतं ते मनिषाने स्वतः बनवलं होतं. पाऊस, भाकरी, एसटी, सासू. सासूची खूण मी इथे सांगणार नाही.

मीही भर घातली. सोंडेचा गणपती सोपा होता. कपाळावर तीन बोटं ओढली की शंकर. एकादशीला मात्र दोन दिवस लागले. शेवटी पोटावर हात आणि लगेच साबुदाण्याची खिचडी दाखवणारी बोटं, असं ठरलं. मनिषा इतकी हसली की पाटी कलंडली. म्हणाली, "बाय, तुमचा उपास म्हंजे आमच्या घरचा सन!"

रोज दोन-तीन खुणा नव्या असं चाललं होतं. खुणा मी माळेवर मोजायचे. श्रावण अर्धा झाला तेव्हा माळ अर्ध्याच्या पुढे गेली होती. मला रात्री शांत झोप लागायला लागली. भाजी चिरताना माझी बोटं आपोआप काहीतरी बोलायची. आणि खरं सांगायचं तर, मी तिला 'मी बोलते' हे सांगायचं टाळू लागले. चाळीस वर्षांत ती पहिली होती, जिने मला एकदाही "काय म्हणालीस?" असं विचारलं नव्हतं.

दुसऱ्या श्रावणी सोमवारी मनिषा पायरीवर बसली आणि निवडलेल्याच दूर्वा पुन्हा निवडायला लागली. मग म्हणाली, "बाय, माझी धाकली पोर हाय. चंद्रा. सात वर्साची. तुमच्यावानीच हाय. तिला तर ऐकू बी येत न्हाय."

मी हातातलं निरांजन खाली ठेवलं.

"दवाखान्याची आशाताई आली व्हती. कल्यानच्या पल्याड शाला हाय बोलली, अशाच पोरांची. तितंच ऱ्हायाचा, शिकायाचा. एकच जागा ऱ्हायली हाय. गनपती उठायच्या आत पोरीला घेवून या बोलली. पन किशन आयकत न्हाय. बोलतो, मुक्या पोरीला शिकवून काय करनार? बकऱ्या तरी राखंल."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मंग मी त्याला बोलली, भिवंडीला माझी एक बाय हाय. मुकी हाय. तरी पोथी वाचते, अख्खा घर चालवते, तिचा मालक कोर्टातला साहेब हाय. ती शिकली, तर माझी पोर कशी न्हाय शिकनार? तवा त्याचा तोंड बंद झाला. बोलला, दाव मना ती बाय."

माझ्या पुढ्यात पोथी उघडी होती. त्यातलं एक अक्षर मला दिसेना.

साडेदहाला नैवेद्य दाखवला आणि मी ह्यांना म्हटलं, "अहो, माझ्या हातून पाप घडलंय."

ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "दहा बत्तीस. एवढ्यात?"

मी सगळं सांगितलं. ह्यांनी चष्मा पुसला. म्हणजे आता कामकाज सुरू.

"तू तिला खोटं सांगितलंस का?"

"मी काही बोललेच नाही."

"मग खोटी साक्ष होत नाही. समोरच्याचा गैरसमज झाला, तो तू दूर केला नाहीस. आता हा गुन्हा धरायचा की नाही, ते कायद्यात बघावं लागेल."

"देवाच्या कायद्यात?"

ह्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मी सांगतो तिला," म्हणाले. "उद्या फिरायला जात नाही. तू मौन मोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी हे पेपर घेऊन ओटीवर बसले. पावणेआठला मनिषा आली आणि तिच्या पदराला धरून चंद्रा. गालावर तीळ, दोन घट्ट वेण्या, सणाचा पिवळा फ्रॉक. चंद्राने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग आईकडे बघून गालावर, तिळाच्या जागी, बोट टेकवलं. ही तिची स्वतःची खूण. आणि मग तेच बोट माझ्याकडे केलं.

"बोलते, तुमी तिच्यावानी हाव," मनिषा म्हणाली.

ह्यांनी पेपर वर केला आणि त्याच्या आड गेले. साडेदहानंतर मला म्हणाले, "काय करू, पुढची तारीख दिली."

त्या सकाळी चंद्रा घरभर फिरली. देवघर पाहिलं, पितळी डबे पाहिले आणि पाठच्या खोलीत जाऊन थबकली. तिने भिंतीवर तळवा टेकवला. मग दुसरा. मग गाल. डोळे मोठे झाले. पायाने जमिनीवर ताल धरला, एक-दोन, एक-दोन, नेमका पलीकडच्या लूमचा. मी दारात उभी होते. तिने येऊन माझा हात धरला आणि भिंतीवर नेऊन ठेवला. भिंत एखाद्या गाईच्या पोटासारखी थरथरत होती. त्या भिंतीला मी चाळीस वर्षं नावं ठेवली होती. हात कधी ठेवला नव्हता.

चंद्राने मूठ उघडून बोटं हलवली. चालू.

त्यानंतर सांगणं रोज ठरायचं आणि रोज राहायचं. हे म्हणायचे, शाळेत नाव तर लागू दे, मग सांगू. चांगल्या कामाला उशीर चालतो. मला ते पटायचं आणि पटायचंही नाही. संध्याकाळी दिवा लावताना देवाकडे बघायचा धीर होत नव्हता. मी जर खरं सांगितलं तर त्या पोरीची शाळा जाते. नाही सांगितलं तर तिचं सगळं माझ्या खोट्यावर उभं राहतं.

गणपती आले. पत्रीच्या गर्दीत मनिषा घाईत असायची. गौरी गेल्या. अनंत चतुर्दशीला चारच दिवस उरले, तो शुक्रवार. हे त्या दिवशी फिरायला न जाता घरीच पेपर वाचत होते. साडेआठला दारात तिघं उभी: मनिषा, चंद्रा आणि गोडाऊनचा निळा शर्ट घातलेला, काटकुळा, डोळे तारवटलेला किशन.

"साहेब, रात्रीची ड्युटी करून थेट आलो," तो ह्यांना म्हणाला. "बसत न्हाय. एकच गोष्ट इचारायची हाय. खरं सांगा. बाय अशीच हाय का पहिल्यापास्नं?"

ह्यांनी पेपराची व्यवस्थित घडी घातली.

"हे बघ किशन. चाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. या बाईने एकदाही आवाज चढवून मला उत्तर दिलेलं नाही."

"बगितला?" मनिषा म्हणाली.

"आनि पोथी वाचते?"

"रोज."

"घरचा समदा तीच बगते?"

"माझा चष्मासुद्धा."

एकूणएक शब्द खरा होता. चौतीस वर्षांत साक्षीदारांकडून जे शिकले ते सगळं ह्यांनी माझ्यासाठी पणाला लावलं होतं. माझ्याकडे मात्र बघत नव्हते.

किशन माझ्यापुढे आला आणि त्याने हात जोडले. "बाय, तुमी नुसती मान हलवली तरी बास. माझी पोर तुमच्यावानी व्हईल ना?"

हातात बेलाचं पान होतं. मान होकारार्थी हलवावी, तर ते खोटं. नकारार्थी हलवावी, तर शाळा गेली. घड्याळात आठ चाळीस. मौन देवासाठी धरलं होतं. खोटं लपवायला आडोसा म्हणून नव्हे.

"मी मुकी नाही," मी म्हणाले.

शुक्रवार होता. लूम बंद. माझा लहानसा आवाज खोलीभर झाला.

"माझा नेम आहे. साडेदहापर्यंत मी बोलत नाही. नंतर बोलते. मनिषाचा समज झाला आणि मी तो दूर केला नाही. चूक माझी. ह्यांची नाही, तिची तर नाहीच."

मनिषा दाराला टेकली. किशन आधी माझ्याकडे, मग बायकोकडे बघायला लागला आणि कोरडं हसला. "घे. ही तुझी मुकी बाय."

"दोन महिनं," मनिषा म्हणाली. आवाज तिचाच होता पण मी तो कधी ऐकला नव्हता. "दोन महिनं मी तुमाला समदा सांगितला. सासूचा पन."

"मी कोणाला सांगितलं नाही गं."

"मलाही नाही," हे म्हणाले. त्यांना वाटलं मदत होईल.

"चल," किशन म्हणाला. "शालाबिला काय न्हाय आता. चंद्रा कुटं गेली?"

चंद्रा पाठच्या खोलीत होती. भिंतीवर तळवा ठेवून. तिने तळवा उचलून दुसरीकडे ठेवला, मग तिसरीकडे, वैद्य नाडी शोधतो तसा. मग कपाळाला आठी घालून वळली, बापाकडे बघितलं आणि मूठ आवळली.

किशन थांबला. "काय बोलते ती?"

"लूम बंद," मी म्हटलं. आता बोललेच होते तर बोलले. "मागच्या खेपेला आली तेव्हा भिंत हलत होती. आज हलत नाही."

"हिला कोनी सांगितला आज शुक्रवार?"

"कोणी नाही."

किशन चंद्रासमोर उकिडवा बसला. जरा लाजतच त्याने दोन तर्जन्या जुळवल्या आणि झटकन दूर केल्या. भुवया वर. सूत तुटलं का?

चंद्राने जोरात मान हलवली. छे. तिने भिंतीपलीकडे बोट दाखवलं आणि अंगठा ओठाला लावला. सगळे चहा प्यायला गेलेत.

किशन हसला. या वेळचं हसणं कोरडं नव्हतं. त्याने मिशीला पीळ दिला, शेठ आला! तशी चंद्रा दचकल्याचं सोंग करून भिंतीला चिकटली आणि दोन्ही हातांनी खोटं खोटं सूत सांधायला लागली, घाईघाईने, बापाकडे चोरून बघत.

"ह्या माझ्या लूमच्या खुना हायत," तो म्हणाला. "हिला कशा म्हाईत?"

"तू घरात कदी बगतो?" मनिषा दारातून म्हणाली. "ड्युटी, न्हाय तर मोबाईल."

मी म्हटलं, "किशनभाऊ, मी बासष्ट वर्षांची. दोन महिन्यांत एक माळ आणि वर एकवीस खुणा शिकले. तुमच्या बायकोने पायरीवर बसून शिकवल्या, बेल विकता विकता. त्या शाळेत तर लोक शिकवायलाच बसलेत. आणि ही सात वर्षांची आहे. माझ्याकडे बघून नका ठरवू. हिच्याकडे बघा."

त्याने पोरीला खांद्यावर घेतलं, "एसटी चुकंल," एवढंच म्हणाला आणि निघाला. मनिषा त्याच्या मागून. पाटी उचलताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

हे बराच वेळ ओटीवर उभे होते. मग म्हणाले, "आपलाच साक्षीदार फितूर झाल्यावर मी तरी काय करणार?" पण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा मौन धरलं. पण ते आधीसारखं राहिलं नाही. आधी न बोलण्यात केवढं तरी बोलणं होतं. आता नुसतं गप्प बसणं होतं. पावणेआठला कान दाराकडे जायचे. अनंत चतुर्दशी झाली. चंद्राचं नाव लागलं की नाही, काही कळलं नाही. गणेशपुरीला जाऊन यावं असं ह्यांनी दोनदा सुचवलं. मी म्हटलं, तिच्या दारात जाऊन मला माफ कर म्हणायचं, म्हणजे तिला नाही म्हणायचीही सोय नाही. तिला यायचं तेव्हा येऊ दे.

नवव्या दिवशी आली. पाटी उतरवली. पायरीवर बसली. मी माळ घेऊन दारात आले. ती बोलेना. मला बोलायचं नव्हतं.

तिने दोन तर्जन्या जुळवल्या आणि झटकन दूर केल्या. सूत तुटलं.

मी माळ मांडीवर ठेवली आणि चिमटीवर चिमटी चोळली.

तिने माझ्या बोटांकडे बारकाईने पाहिलं, जसा शेठ कापड बघतो. मग दोन्ही मुठी एकावर एक ठेवून दाखवल्या. एवढी मोठी गाठ! कापडात दिसेल ती. मी मान खाली घालून कबूल केलं. दिसू दे.

मग तिने गालावर तिळाच्या जागी बोट टेकवलं. तळव्यावर पाटी धरून लिहिल्यासारखं केलं. डोकं तिरकं करून हातावर गाल टेकला. चंद्रा, शाळा, तिथेच झोपते. माझे डोळे भरले. तेवढ्यात तिने गळ्याशी शर्टाच्या कॉलरची खूण केली आणि डोळ्यांपासून पार पायांपर्यंत बोटं ओघळवली. किशन. शाळेच्या फाटकात. एवढा रडला. पुन्हा करून दाखवला, या वेळी नाक पुसत, आणि आम्ही दोघी हसायला लागलो. मौनात हसलेलं चालतं का, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

हे तलावावरून लवकर परतले होते. फाटकातूनच ओरडले, "अगं मनिषा! चंद्राचं काय झालं? बोल की, हिला ऐकू येतं!"

मनिषाने ओठांवर बोट ठेवलं. मग आतल्या घड्याळाकडे हात केला आणि साडेदहाची जागा दाखवली. तिने माझ्यावर नेम धरला होता. पुरते पंधरा दिवस एक शब्द बोलली नाही. सोळाव्या दिवशी म्हणाली, "बाय, तुमी कसं काय जमवता? माझा त्वांड दुकायला लागला."

कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला. माझा एक दिवस मोडला होता, तो द्वादशीला भरून काढला. "अपिलात एक दिवस वाढवून मिळाला," हे म्हणाले. मौनाच्या उद्यापनाला घंटेचं दान करतात. देवळात देतात, नाहीतर गुरुजींना. मी बाजारातून हातात मावेलशी पितळी घंटा आणली, घासून लख्ख केली, हळदकुंकू वाहिलं.

"कोणाला द्यायची?" ह्यांनी विचारलं.

"चंद्राला."

"अगं... घंटा? तिला?"

त्यांची शंका बरोबर होती. मलाही रात्रभर वाटत होतं की मनिषाला लागेल, किशनला टोचेल. पण मला ती भिंत आठवत होती.

दिवाळीची सुट्टी संपवून चंद्रा शाळेत परत निघाली होती. एसटी बदलायला तिघं भिवंडीत उतरली आणि घरी आली. किशनने या वेळी बसायला नाही म्हटलं नाही; दोन कप चहा घेतला. चंद्रा उंच झाली होती. शाळेतल्या नव्या खुणा इतक्या भरभर करत होती की मनिषा वैतागून म्हणाली, "हळू गं! आता मीच अडानी झाली!"

मी घंटा चंद्राच्या हातात दिली. तिने उलटी करून आतला लोळा पाहिला. वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली आणि माझ्याकडे बघत राहिली. किशनने मान वळवून अंगणाकडे बघायला सुरुवात केली.

मी तिच्या हातासकट घंटा उचलली आणि तिच्या गालावर, तिळाच्या शेजारी टेकवली. लोळा हलवला.

चंद्राचे डोळे विस्फारले. तिने माझा हात बाजूला सारला आणि स्वतः वाजवली. पुन्हा. हनुवटीला लावून. कपाळाला लावून. मग आईच्या गालाला, बापाच्या खांद्याला. हे समजून घ्यायला वाकून बघत होते, तर त्यांच्या टकलावर ठेवून वाजवली. हे म्हणाले, "कोर्ट उठलं!" आणि तिला न ऐकताच सगळ्यांत जास्त हसू आलं.

सगळ्यांना वाजवून झाल्यावर ती माझ्यापुढे उभी राहिली. जरा विचार केला. घंटा खाली ठेवली आणि रिकामा तळवा माझ्या गळ्यावर टेकवला. दुसऱ्या हाताने ओठांपासून बाहेर खूण केली. बोल.

"काय बोलू गं बाई?" मी म्हणाले. "तुला बघून फार बरं वाटतंय."

पाठीमागे लूमची खटखट जोरात होती. "काय म्हणालीस?" ह्यांनी दारातून विचारलं.

चंद्राने गळ्यावरचा हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडून बोटं हलवली.

चालू.